उतरत्या छताखालचा उजेड

५ मे, रविवार

नव्या घराच्या हॉलचं छत उतरतं करायचं खूळ ह्यांचं. सुरतेला केळीच्या कुठल्याशा व्यापाऱ्याच्या घरी पाहिलं आणि तेच डोक्यात घेऊन आले. पूर्वेची भिंत दोन मजले उंच, पश्चिमेची एवढी बुटकी की स्टुलावर चढलं की छताला हात टेकतो, आणि मधे नुसती घसरगुंडी. फैजपुरात असा हॉल दुसरा नाही, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. नाहीच आहे. बाकीच्यांना अक्कल आहे.

आता त्या घसरगुंडीला दिवे कुठे लावायचे ते कुणालाच कळेना. इलेक्ट्रिशियन हिलाल अमळनेरकडचा. हातापेक्षा तोंड जास्त चालतं. त्याने आज सुरतेचं झुंबर टांगलं, तर ते एका अंगाला झुकल्यासारखं दिसायला लागलं. मी ओरडले तर म्हणतो, "ताई, झुंबर सरळ शे. छतच वाकडं शे." हे खो खो हसले. मी झुंबर उतरवायला लावलं. ह्यांचं तोंड उतरलं ते जेवणापर्यंत तसंच होतं, मला बरं वाटलं.

दिव्यांचं काम मी माझ्या हातात घेतलं आहे. कारण जूनमधे दोंडाईच्याचे पाहुणे याच हॉलमधे बसणार आहेत, हेमांगीला पाहायला. बन्सीलाल नानांनी स्थळ आणलंय. मुलगा योगेंद्र, बियाण्यांचं दुकान, शेती, एकुलता एक. हेमांगीला अठ्ठावीस सरलं. धाकटी डिंपल मागे उभी आहे. आणि हेमांगीला कोड आहे.

लिहून टाकलं एकदाचं. नऊ वर्षांची असताना कानामागे ठिपका आला, मग मान, मग गळ्याच्या खाली, मग दोन्ही मनगटं. चेहरा देवाने सोडला, एवढीच त्याची दया. इथे फैजपूर, यावल, सगळ्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत. बायका लग्नात तिच्याकडे बघून पदर सावरून बसतात. दोंडाईच्यात कुणाला माहीत नाही. नानांनाही मी सांगितलं आहे, तिकडे तोंड उघडायचं नाही.

हे म्हणाले, "आधीच सांगून टाकू ना त्यायले." मी म्हटलं, मग पोरीला लोणच्यासारखी घरात मुरवत ठेवा जन्मभर. यांना फक्त छत वाकडं करता येतं.

९ मे, गुरुवार

पीओपीवाले आले होते. घरभर पांढरी धूळ. माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी त्याचा डाग बसलाय, साबणाने जात नाही. उद्या रॉकेलने पुसेन.

हिलालने छतात पांढरे गोल दिवे बसवले. संध्याकाळी लावून पाहिले. ऑपरेशनच्या खोलीत असतो तसा उजेड. भिंतीवरचा पेन्सिलचा ओरखडासुद्धा दिसत होता. त्यात हेमांगी पाणी द्यायला आली. तिच्या मनगटावरचं कोड दारातून दिसलं मला, दारातून! हिलालनेही पाहिलं, मग मान खाली घालून वायर गुंडाळत बसला.

सगळे दिवे काढायला सांगितले. तो म्हणाला, "ताई, आतेच तं बसाडात." मी म्हटलं, आताच काढ.

१४ मे, मंगळवार

आज खरं काम झालं. पाहुण्यांसमोर बसायची त्या जागी हेमांगीला बसवलं आणि दिवे एकेक करून लावून पाहिले. हिलालला सांगितलं की सोफ्याच्या कापडाचा रंग बघायचा आहे. त्याला काय कळायचं ते कळलं असेल, मला त्याची पर्वा नाही.

उंच भिंतीवरून खाली उजेड टाकला तर तो थेट मानेवर पडतो. वाईट. बुटक्या बाजूने टाकला तर डोक्याच्या इतका जवळ की कानामागचं सगळं उघडं. त्याहून वाईट. मग मीच सुचवलं, दिव्यांची पट्टी लाव, पण छताकडे तोंड करून, उंच भिंतीच्या कडेला लपवून. उजेड छतावर चढतो आणि घसरत घसरत खाली येतो. दमून खाली पोचतो म्हणा ना. आणि रंग पिवळा, अगदी हळदी. त्यात हेमांगीची कातडी आणि कोड एकाच रंगाचे दिसायला लागले. मी लांब गेले, जवळ आले, दारात उभी राहिले, जमिनीवर बसून पाहिलं. काही दिसत नाही! या घसरगुंडीचा पहिल्यांदा उपयोग झाला.

"मान वर कर. डावीकडे. ओढणी काढ. आता हात पुढे कर, चहा देते तसा."

हेमांगी सगळं करत होती, पण तिचा चेहरा बघवत नव्हता. मधेच म्हणाली, "आई, मले लहानपणी तू अशीच बसवायची."

बसवायचेच. बावचीचं तेल लावून गच्चीवर, भर उन्हात. वैद्याने सांगितलं होतं की तेल लावून ऊन दिलं की रंग परत येतो. फोड यायचे, रडायची, खाली पळायला बघायची, मी जिन्याच्या दारात पाट टाकून बसायचे. दुसरी आई असती तर कंटाळून सोडून दिलं असतं. मी दोन उन्हाळे सोडलं नाही. ती हे आठवते ते तक्रार म्हणून आठवते, हे माझं नशीब.

मी म्हटलं, "तेव्हा उन्हात बसवत होते, आता सावलीत बसवते. मग कशाचं रडगाणं?"

हिलाल शिडीवर उभा होता, तो विनाकारण खोकला.

१८ मे, शनिवार

उंच भिंतीला वर ओळीने खिडक्या आहेत, त्यातून दिवसा पांढरा उजेड धो धो येतो. तिथे तपकिरी जाड पडदे लावून घेतले. हे म्हणाले, एवढ्या हौसेने खिडक्या ठेवल्या. मी म्हटलं, हौस झाली.

नानांकरवी पाहुण्यांना निरोप दिला की ऊन फार आहे, दुपारचा प्रवास करू नका, दिवेलागणीला पोहोचा. मुलाची आई सुनंदाबाई फोनवर म्हणाली, "बरं व्हई माय, उन्हामा जीव जास." किती गोड बाई. तिला उन्हापासून वाचवते आहे याचं मला थोडं हसूही आलं.

अंगठ्यावरचा पीओपीचा डाग रॉकेलने गेला नाही. उलट घासून घासून जास्तच पांढरा पडला आहे.

२६ मे, रविवार

आज हेमांगीने स्वतःहून तोंड उघडलं. म्हणाली, "आई, जूनमधे पाखरं येतात. मळा एवढा जवळ, आणि तू एवढे दिवे लावलेस. पाहुण्यांच्या चहात पडतील. ती किडे मारायची मशीन घेऊ, निळ्या दिव्याची."

मिठाईच्या दुकानात असते ती. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी इतकी सुखावले की तिला जवळ घेणार होते, पण तिने केसांना तेल लावलं होतं आणि माझी साडी नवीन होती.

जळगावला दोघी बहिणी जाऊन घेऊन आल्या. डिंपल हसून हसून सांगत होती, दीदीने दुकानात एकामागून एक मशिनी लावून पाहिल्या, दुकानदाराला ट्यूब बंद करायला लावल्या, आणि मनगट मशीनखाली धरून बघत बसली. दुकानदार हैराण. फिजिक्सची मास्तरीण आहे ना, यावलच्या शाळेत पोरांना शिकवते, वस्तू पारखून घ्यायची खोडच आहे तिला. डिंपल घेऊन आली असती तर डबा बघून आणली असती.

त्याच फेरीत मी सांगितलेली क्रीमची ट्यूबही आणली. कातडीच्या रंगाची, डाग झाकायची. मी मानेवर लावून पाहिली. मानेपासून खाली ओढत न्यायची, मग कडा दिसत नाहीत. पिवळा उजेड आणि ही क्रीम, दोन्ही मिळून देवसुद्धा ओळखणार नाही.

२ जून, रविवार

आज रंगीत तालीम. हेमांगीला मोरपंखी साडी, लांब बाह्यांचा ब्लाउज, गळा बंद. ट्रे घेऊन आली, ठेवला, नमस्कार केला, कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसली. पट्टी लावली होती. मी सुनंदाबाईंच्या जागेवर बसून पाहिलं. माझी मुलगी सुंदर आहे. हे मी आजवर कुणाला म्हटलं नाही, कारण म्हटलं की लोक मानेकडे बघतात. पण त्या पिवळ्या उजेडात ती इतकी सुंदर दिसली की मला रडू आलं. मी तिला म्हटलं, "अशीच राह्य."

ती म्हणाली, "अशीच म्हणजे कशी? लग्नानंतर त्यांच्या घरीपण पट्टी लावशील का?"

हा प्रश्न मलाही पडतो, लपवून काय करू. पहाटे जाग आली की तोच पडतो. पण एकदा अक्षता पडल्या की माणसं सांभाळून घेतात. घ्यावंच लागतं. जातील कुठे?

तिला एवढंच म्हटलं, "पुढचं पुढे." तिने मान डोलावली. आणि मग म्हणाली की मशीन बुटक्या भिंतीवर लावू, सोफ्याच्या बरोब्बर वर. तिथे छत खाली आलेलं आहे, हात पोचतो, किडे झाडायला सोपं पडेल. किती बारीक विचार! पोरगी शेवटी मार्गावर आली.

८ जून, शनिवार

काल मृग लागला. आज संध्याकाळी वळवाचा शिडकावा झाला आणि पाखरांचा लोंढा आला. आमच्याकडे अशा वेळी घरातले सगळे दिवे घालवतात आणि बाहेर ओट्यावर एक लावून ठेवतात, की पाखरं आपली आपण बाहेर जातात. मशीन अजून खोक्यात होती, तेच केलं.

हेमांगीने विचारलं, "उद्या पण येतील का वं?" मी म्हटलं, आठवडाभर येतात. पाहुण्यांची माझ्यापेक्षा तिलाच काळजी.

डिंपलला मावशीकडे सावद्याला पाठवलं. मोठीला बघायला आलेल्यांच्या समोर धाकटी कशाला? उद्या पाहुणे यायच्या आधी, सकाळीच हिलाल येऊन मशीन लावून जाईल.

१० जून, सोमवार

कालचं आज सकाळी लिहिते आहे.

ते आले. सुनंदाबाई, योगेंद्र, त्याचे वडील, नाना. छत बघून सुनंदाबाई म्हणाली, "बाई, कितलं उंच! आमनं पुरं घर मावी जाई." हे फुगले. पट्टीचा उजेड छान पडला होता. मी मुद्दाम विचारलं, अंधार तर वाटत नाही ना? म्हणाली, "नही वं माय, डोयाले थंड शे."

हेमांगी आली. योगेंद्रने दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या आईनेही ते पाहिलं आणि हसली. शिक्षण झालं, शाळा झाली, रांधता येतं का झालं. सुनंदाबाई म्हणाली, "पोर गोरीपान शे." मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे बघत होते. एवढ्यात पाखरं आली.

कुठून आली कोण जाणे, वरची एक खिडकी उघडी राहिली होती. मी ती स्वतः बंद केली होती. झुंडीच्या झुंडी. पट्टीवर, छतावर, चिवड्यात, सुनंदाबाईंच्या अंबाड्यात. मशीन चटचट करत होती पण तिला आवरेना. सुनंदाबाईच म्हणाली, "लाईट बंद करा ना दोन मिनिटं." त्यांच्याकडेही तीच रीत. मी म्हटलं, नको, नको, अंधारात कुठे बसता. तोवर हेमांगी उठली होती. "मी करते," म्हणाली आणि मशीनचं सोडून बोर्डावरची सगळी बटणं बंद केली.

मग ती सोफ्यावर परत येऊन बसली, मशीनच्या बरोब्बर खाली. आणि तिने गळ्याचं बटण सोडलं, बाह्या वर केल्या. उकडत असेल.

देवा, मी काय पाहिलं! अंधारात दुसरं काही नाही, तो निळा दिवा आणि त्याच्या खाली माझ्या पोरीची मान. चुन्याने सारवल्यासारखी पांढरीशुभ्र, पेटलेली. कानामागचा ठिपका, गळा, दोन्ही मनगटं, प्रत्येक कड अशी स्वच्छ की नकाशा काढावा. दिवसासुद्धा मी ते कधी इतकं पाहिलं नव्हतं. त्या मशीनच्या उजेडात पांढरं ते सगळंच चमकत होतं म्हणा, ह्यांचा सदरा, टेबलावरचा रुमाल, माझ्या अंगठ्यावरचं पीओपीसुद्धा. पण तिकडे कोण बघतंय?

क्रीम कुठे गेली? मी स्वतः लावली होती. घामाने गेली असेल.

सुनंदाबाई ओरडली, "हाई काय शे वं? पोरनी मान कशी चमकी ऱ्हायनी?"

हेमांगी शांतपणे म्हणाली, "कोड आहे, मावशी. नऊ वर्षांची होते तेव्हापासून. दिवे लावू का आता, नीट बघता?"

मी उठले. बोर्ड सापडेना. स्टुलाला अडखळले. कसाबसा दिवा लावला तर योगेंद्र रुमालाने ओठ पुसत होता. तिने दिलेला चहा तो पिऊन बसला होता. पुसतच होता, पुसतच होता. सुनंदाबाईने तिचा अर्धा कप असा ढकलला की बशी सांडली. मला म्हणाली, "माय शे का कोण शे तू? पिवळा लाईट लाईसन आमले फसाडं." आणि हेमांगीकडे न बघता म्हणाली, "आणि असं अंग लिसन उजळ माथानं बठी ऱ्हायनी, लाज नही." योगेंद्र तिच्या अंगाला धक्का लागू नये म्हणून सोफ्याला वळसा घालून गेला.

हेमांगी त्यांच्याकडे बघत होती. सगळ्यांकडे आळीपाळीने, वर्गात बघतात तसं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ.

गाडी गेल्यावर मी तिला मारलं. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला. घाबरून तिथेच का बसून राहिलीस, उठून आत का गेली नाहीस, म्हणून मारलं. तिने हात वर केला नाही. हे मधे आले नाहीत. पाखरांचे पंख सगळीकडे पडले होते, ते मी आज सकाळी झाडले.

सगळं या मेल्या मशीनने केलं. आणि हिलालने, ज्याने ती सोफ्यावर टांगली.

१३ जून, गुरुवार

हेमांगी गेली. धुळ्याच्या एका कॉलेजात जागा होती, तिने एप्रिलमधेच मुलाखत दिली होती म्हणे. ह्यांना माहीत होतं. मला नाही. एप्रिलमधे मी टाइल्स निवडत होते.

बिनबाह्यांचा कुडता घालून निघाली. मी म्हटलं, निदान स्टँडपर्यंत तरी ओढणी घे, सगळं गाव बघेल. म्हणाली, "गावाने पाहिलंय आई. तूच बघत नव्हती." हे स्कूटरवर सोडायला गेले. मी दारात उभी राहिले नाही.

जाताना हॉलच्या टेबलावर मानेला गुंडाळायचा स्कार्फ आणि क्रीमची ट्यूब ठेवून गेली, दोन्ही शेजारी शेजारी, स्कार्फ घडी घालून. विसरली. आहेच वेंधळी.

१७ जून, सोमवार

बन्सीलाल नाना आले होते. मला वाटलं शिव्या घालायला आले. पण दोंडाईच्याकडे वेगळंच शिजतंय. दोन मुली, भाऊ नाही, मळा, बंगला, हे त्यांनी पाहून ठेवलं आहे. धाकटीचं बघू म्हणतात. देव पावला! मी नानांना दोन वाट्या श्रीखंड वाढलं.

मग नानांनी अट सांगितली. सुनंदाबाईचे शब्द जसेच्या तसे: "या टाईमले दिवसा येसुत. अंगणमा बठसुत, भर उन्हामा, पडदा नही का पट्टी नही. पोर दखसुत, आणि पोरनी मायबी दखसुत. हाई दुखणं मायकडथून येस का, ते दखनं पडी." येत्या रविवारी, पोरीबरोबर मलाही उन्हात बसवून बघणार.

मी म्हटलं, खुशाल बघा. आमच्या माहेरी सात पिढ्यांत कुणाला डाग नाही. मी हात पुढे करून दाखवला नानांना. नाना हाताकडे बघत राहिले. मी म्हटलं, ते पीओपी आहे. नाना म्हणाले, "हो, हो," आणि चप्पल शोधायला लागले. श्रीखंड तसंच राहिलं.

२० जून, गुरुवार

हिलालला बोलावलं. मशीन काढून ने आणि पीओपी काढायचं कसलं पाणी असतं ते आणून दे म्हटलं. त्याने माझा हात उजेडाकडे धरला. अंगठ्याच्या मुळापासून आता मनगटाकडे निघालंय. दुसऱ्या हाताला बोटाच्या सांध्यावर नवीन एक. तिथे तर पीओपी लागलंच नव्हतं.

हिलाल एरवी एवढा बडबडतो. आज त्याने हळूच हात सोडला. म्हणाला, "ताई, हाई पीओपी नही शे."

मी त्याला घराबाहेर काढलं. काय वाट्टेल ते बोलले, त्याच्या आईवरूनसुद्धा. मशीन तशीच भिंतीवर राहिली. त्याने जाताना फाटक नीट लावलं, याचाही मला राग आला.

ह्यांना काही सांगितलं नाही. जेवताना डावा हात मांडीवर पदराखाली ठेवला. हे म्हणाले, "कामून वं, हात दुखतो का?" मी म्हटलं, झोपेत अवघडला.

दुपारी क्रीम लावून पाहिली, मनगटापासून खाली ओढत. हॉलमधे पट्टी लावून बसले तर काहीच दिसत नाही. अंगणात जाऊन पाहिलं तर सगळं दिसतं. क्रीमही दिसते.

२१ जून, शुक्रवार

पाऊस दडी मारून बसलाय. मे महिन्यासारखं ऊन. औषधांच्या जुन्या डब्यात बावचीची बाटली अजून आहे, घर बदललं तेव्हाही मी ती टाकली नव्हती. तळाशी थोडं तेल. बघायला काय जातं? रविवारला अजून अवकाश आहे.

हे मळ्यात गेल्यावर गच्चीवर गेले. हाताला तेल लावलं आणि बसले. टाइल्स पेटलेल्या. सतरंजी घ्यायला हवी होती, हेमांगीला मी कधी सतरंजी दिल्याचं आठवत नाही. थोड्याच वेळात हात असा भाजायला लागला की डोळ्यांतून पाणी आलं. मनाशी म्हटलं, बस, अजून थोडं बस. जिन्याच्या दारात कुणी नव्हतं. मी उठून खाली आले.

हात पाण्यात धरला तरी आग थांबेना. हॉलमधे पडदे ओढून बसले. खिडकीवर राहिलेलं एक पाखरू त्या निळ्या दिव्याला जाऊन चिकटलं होतं, मी मशीनचं बटण बंद केलं.

मग हेमांगीला फोन लावला. किती वेळ बसायचं असतं, एवढंच विचारायचं होतं. तिने उचलला नाही.